दावा कुणावर लावायचा?



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर दिवाणी कोर्टात वकिली केली. म्हणून आजच्या विषयाची फौजदारी बाजू मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. धर्मगुरूने लहान मुलावर लैंगिक अत्याचार केला तर त्याला अटक व्हावी, शिक्षा व्हावी, याबद्दल या सभागृहात दुमत असणार नाही. पण अत्याचार करणारा मरून गेला असेल, किंवा म्हातारपणी त्याला काहीच आठवत नसेल, पोलिसांच्या हाती पुरेसा पुरावा नसेल, आणि ज्याच्यावर अत्याचार झाला तो मुलगा आज पन्नाशीला आला असेल, तर त्याने कुठे जायचं? दिवाणी कोर्टात जायचं, असं उत्तर मी देते. पण तिथे पोहोचल्यावर पहिल्याच पानावर एक प्रश्न असतो. दाव्याच्या मथळ्यात वादीच्या नावाखाली प्रतिवादीचं नाव लिहावं लागतं. तिथे कुणाचं नाव लिहायचं? आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी दोन शब्द दिवाणी दाव्याविषयी. फौजदारी खटला सरकार चालवतं. पीडित माणूस तिथे साक्षीदार असतो. खटला कधी लावायचा, कुठवर न्यायचा, हे त्याच्या हातात नसतं. दिवाणी दाव्यात तो स्वतः वादी असतो. वकील तो निवडतो, आणि तडजोड करायची की निकालापर्यंत जायचं हे तोच ठरवतो. पुराव्याचं मापही वेगळं असतं. गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर दिवाणी दाव्यात घटना घडली असण्याचीच शक्यता अधिक आहे इतकं न्यायाधीशाला पटलं तरी पुरतं. भरपाईत वेदनेबद्दलची रक्कम येते, मानसोपचाराचा खर्च येतो, बुडालेली कमाई येते; काही देशांत संस्थेला जरब बसावी म्हणून दंडात्मक रक्कमही येते.

पैशाहून मोठी गोष्ट कागदपत्रांची. दिवाणी दाव्यात वादी समोरच्याला म्हणू शकतो की तुझ्या कपाटातल्या फाइली कोर्टात आण. अमेरिकेतल्या बॉस्टनमधलं कॅथलिक चर्चचं प्रकरण जगाला कळलं ते याच वाटेने. जॉन गेगन या पाद्रीच्या प्रकरणात दिवाणी दावे चालू होते आणि त्यातले कागद कोर्टाच्या आदेशाने बंद होते. बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्राने ते खुले करण्याची मागणी केली, न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी ती मान्य केली आणि 2002 च्या सुरुवातीला ते कागद लोकांसमोर आले. तक्रारी माहीत असूनही धर्मप्रांत या माणसाची एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात बदली करत राहिला होता, आणि हे चर्चच्याच पत्रव्यवहारात लिहिलेलं होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना राजीनामा द्यावा लागला. 2003 मध्ये धर्मप्रांताने 552 जणांशी साडेआठ कोटी डॉलरची तडजोड केली.

तरीही आज मी अमेरिकेबद्दल थोडंच बोलणार आहे. मला तुम्हाला ऑस्ट्रेलियाला न्यायचं आहे. दिवाणी न्यायाची वाट तिथे कशी बंद होती, ती कुणी उघडली आणि उघडल्यावरही तिचा एक भाग पुन्हा कसा बंद झाला, हे सगळं एकाच देशात वीसेक वर्षांत घडलं. त्यांचा कायदा आणि आपला कायदा एकाच इंग्रजी मुळातून आलेले आहेत, हेही एक कारण.

सिडनीच्या बास हिल धर्मग्रामात जॉन एलिस नावाचा मुलगा वेदीसेवक होता. 1974 मध्ये स्कॉटलंडच्या एका मठातून आलेले फादर एडन डगन तिथे सहायक पाद्री झाले. एलिस तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. पुढची काही वर्षं डगन यांनी त्याच्यावर अत्याचार केला. मुलगा मोठा झाला, वकील झाला, एका मोठ्या आंतरराष्ट्रीय फर्ममध्ये भागीदारीपर्यंत पोहोचला. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं उत्तम दिसत होतं. घरात आणि मनात काय चाललं होतं ते त्याने पुढे एका चौकशी आयोगासमोर सांगितलं. 2002 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, तो पहिल्यांदा चर्चकडे गेला. कोर्टात नाही, चर्चकडेच. कॅथलिक चर्चने अशा तक्रारींसाठी 1996 पासून स्वतःची एक अंतर्गत पद्धत ठेवली होती. तोपर्यंत डगन यांना स्मृतिभ्रंश झालेला होता. ते काही सांगू शकत नव्हते, आणि 2004 मध्ये ते वारले.

चर्चनेच नेमलेल्या तपासणाऱ्याने एलिसचं म्हणणं ऐकलं आणि अहवाल दिला की अत्याचार झाल्याची शक्यताच अधिक दिसते. चर्चने आधी 25,000 ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले, मग 30,000. त्या रकमेसोबत पुढे दावा न करण्याच्या कागदावर सही मागितली होती. त्याच काळात एलिसची भागीदारी गेली. त्याने दावा लावला. त्याच्या वकिलांनी साडेसात लाख डॉलरवर तडजोडीची तयारी दाखवली होती. चर्चने समोरून आकडाही सांगितला नाही.

दाव्याच्या मथळ्यात एलिसच्या वकिलांनी दोन नावं लिहिली. एक आर्चबिशप जॉर्ज पेल यांचं, धर्मप्रांताचे प्रतिनिधी म्हणून. दुसरं विश्वस्त मंडळाचं, ज्याच्या नावावर सिडनीच्या चर्चची सगळी मालमत्ता आहे. 1936 च्या एका कायद्याने हे मंडळ निर्माण केलं. जमिनी, इमारती, शाळा, सगळं त्याच्या नावावर.

चर्चच्या वकिलांचा बचाव तुमच्यासमोर शांतपणे ठेवते. त्यांचं म्हणणं असं की धर्मप्रांत ही कायद्याच्या दृष्टीने कुणी व्यक्तीच नाही. तो श्रद्धाळू माणसांचा नोंदणी नसलेला समूह आहे आणि अशा समूहावर दावा चालत नाही. पेल आर्चबिशप झाले 2001 मध्ये, सत्तरच्या दशकातल्या घटनेसाठी ते जबाबदार नाहीत. सत्तरच्या दशकातले आर्चबिशप हयात नाहीत. विश्वस्त मंडळ मालमत्ता सांभाळतं. पाद्री नेमणं, त्यांच्यावर देखरेख ठेवणं हे त्याचं कामच नाही. आणि पाद्री कुणाचा नोकर नाही. तेव्हा दावा कुणावर? कुणावरच नाही. ज्याच्याकडे जबाबदारी होती त्याला कायद्याने अस्तित्व नाही, आणि ज्याला अस्तित्व व मालमत्ता आहे त्याच्याकडे जबाबदारी नाही.

खालच्या न्यायाधीशांनी 2006 मध्ये दावा चालू द्यायचं ठरवलं होतं. मे 2007 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि चर्चचं म्हणणं मान्य केलं. त्याच वर्षी देशाच्या हायकोर्टाने अपिलाची परवानगी नाकारली. तिथे हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट, आणि राज्याचं सुप्रीम कोर्ट त्याच्या खाली, हे ऐकताना लक्षात असू द्या. या बचावाला तिथे नावच पडलं, ‘एलिस डिफेन्स’. हरलेल्या माणसाचं नाव त्याला मिळालं आणि पुढे दहा-अकरा वर्षं शेकडो माणसांचे वकील हे नाव सांगून त्यांना कोर्टात जाण्यापासून परावृत्त करत राहिले.

एका गोष्टीवर मला थांबायचं आहे. हा केवळ कायद्याच्या मुद्द्याचा वाद असता तर मी एक वेळ समजू शकले असते. पण चर्चच्या वकिलांनी कोर्टात अत्याचार झालाच नाही अशी भूमिका घेतली आणि एलिसची त्या दिशेने उलटतपासणी केली. चर्चच्याच तपासणाऱ्याने तो झाला असावा असं लिहून दिलेलं असताना. दावा हरल्यावर लाखो डॉलरचा खर्च त्याच्याकडून वसूल होण्याची टांगती तलवार बराच काळ त्याच्या डोक्यावर राहिली. अखेर तो खर्च सोडून देण्यात आला. 30,000 डॉलर देऊ करणाऱ्या संस्थेने हा दावा लढवायला दहा लाख डॉलरहून अधिक खर्च केले होते.

हे सगळं उघड कसं झालं? 2012 च्या नोव्हेंबरात पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचाराची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमण्याची घोषणा केली. पाच वर्षं त्याचं काम चाललं. आठ हजारांहून अधिक माणसांना आयुक्तांनी बंद खोलीत, एकेकट्याला भेटून ऐकलं. 57 जाहीर सुनावण्या झाल्या, आणि डिसेंबर 2017 मध्ये 17 खंडांचा अहवाल आला, 409 शिफारशींसह. 1980 ते 2015 या काळात कॅथलिक चर्चविरुद्ध 4,444 जणांनी अत्याचाराच्या तक्रारी केल्या होत्या, ही आकडेवारी याच आयोगाने चर्चच्या दप्तरातून काढली.

मार्च 2014 मध्ये एलिस प्रकरणाची सुनावणी झाली. पेल तेव्हा कार्डिनल होते आणि व्हॅटिकनच्या अर्थखात्याची जबाबदारी घ्यायला निघाले होते. त्यांनी साक्ष दिली, एलिसची माफी मागितली आणि ख्रिस्ती दृष्टीने पाहता आपण त्याच्याशी न्यायाने वागलो नाही हे मान्य केलं. पण आयोगाने लिहिलेला निष्कर्ष जास्त बोलका आहे. दावा जोरात लढवण्याचा सल्ला पेल यांनी स्वीकारला त्यामागचं एक कारण, इतर पीडितांनी कोर्टात येण्याआधी दहादा विचार करावा, हे होतं. (पेल यांच्यावर व्यक्तिशः चाललेला फौजदारी खटला हा वेगळा विषय. त्यातली शिक्षा हायकोर्टाने एप्रिल 2020 मध्ये एकमताने रद्द केली, हे सांगणं न्यायाचं आहे.)

2014 च्याच ऑगस्टमध्ये पेल यांनी आयोगाला ट्रक कंपनीचं उदाहरण दिलं. कंपनीच्या ड्रायव्हरने वाटेत एखाद्या बाईला गाडीत घेतलं आणि तिच्याशी गैरवर्तन केलं, तर कंपनीच्या प्रमुखांना जबाबदार धरणं योग्य नाही, असं त्यांचं म्हणणं. या उदाहरणाचं उत्तर दिलंच पाहिजे, कारण आपल्याकडेही प्रत्येक संस्था मनातून हेच म्हणत असते. ट्रक कंपनी ड्रायव्हरला माल पोहोचवायला पाठवते. चर्चने पाद्रीला पाठवलं ते माणसांच्या घरात, त्यांच्या आजारपणात, त्यांच्या मुलांच्या शिकवणीत. आईवडिलांनी मुलाला त्याच्यासोबत एकटं सोडलं ते त्याच्या अंगावरच्या झग्याकडे पाहून. तो झगा संस्थेने दिला होता. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये, एका बालगृहाच्या प्रकरणात, हेच तत्त्व मांडलं: ज्या संस्थेने कामाचं स्वरूप ठरवताना असा अधिकार आणि अशी जवळीक निर्माण केली, त्या जवळिकीतून उद्भवलेल्या धोक्याची जबाबदारी तिची. इंग्लंडच्या कोर्टांनी 2012 पर्यंत पाद्री हा नोकर नसला तरी नोकरासारखाच धरायचा, असं ठरवून टाकलं.

आता मुदतीकडे वळते. एलिस चाळिशीला आल्यावर तक्रार करायला गेला, यात काही विशेष नाही. आयोगाकडे आलेल्या माणसांना बोलायला सरासरी 23.9 वर्षं लागली होती. लहान मुलाला काय घडलं त्याला शब्द सापडत नाहीत. सापडले तर घरातलं कुणी विश्वास ठेवत नाही. आणि फादरबद्दल, महाराजांबद्दल, गुरुजींबद्दल असं बोलणं हेच पाप आहे असं त्याला शिकवलेलं असतं. कायद्याची मुदत मात्र अठरा वर्षं पूर्ण झाल्याबरोबर धावू लागते. म्हणजे सरासरी माणूस तोंड उघडतो तेव्हा त्याचा दावा मरून बराच काळ लोटलेला असतो. आयोगाने 2015 च्या अहवालात ही मुदत पूर्ण काढून टाका असं सांगितलं. व्हिक्टोरियाने त्याच वर्षी ती काढली, न्यू साउथ वेल्सने 2016 मध्ये, आणि 2019 पर्यंत सगळ्या राज्यांनी. तीही मागील काळापासून, म्हणजे 1950 सालच्या अत्याचारासाठीही आज दावा लावता येतो.

एलिस डिफेन्सही गेला. 2018 मध्ये व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन्ही राज्यांनी कायदे केले. संस्थेची नोंदणी नसली तर तिने स्वतःहून प्रतिवादी नेमून द्यावा. तिने तसं केलं नाही तर कोर्ट तिच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्तांनाच प्रतिवादी करेल आणि भरपाई त्या मालमत्तेतून वसूल होईल. एलिसने आपल्या दाव्यात केलेली विनवणी कायद्याच्या एका कलमात मावली. एलिस आज पत्नीसोबत अशाच पीडितांची वकिली करतो.

जुन्या तडजोडींचं काय? चर्चच्या अंतर्गत योजनांत थोडी रक्कम घेऊन अनेकांनी ‘यापुढे दावा करणार नाही’ अशा कागदावर सह्या केल्या होत्या. मेलबर्नच्या योजनेत सुरुवातीला 50,000 डॉलरची कमाल मर्यादा होती. सही करणाऱ्याला तेव्हाच्या वकिलाने सांगितलेलं असायचं की मुदत संपली आहे, प्रतिवादी सापडणार नाही, देतील ते घे. काही राज्यांनी आता कोर्टाला असे कागद रद्द करण्याचा अधिकार दिला आहे. व्हिक्टोरियात 1996 मध्ये 32,500 डॉलर घेऊन सही केलेल्या एका माणसाचा कागद कोर्टाने 2020 मध्ये बाजूला सारला. बाजू समान नव्हत्या तिथे झालेली तडजोड कायम धरणं न्यायाचं नाही, हे कायद्याने कबूल केलं.

कोर्टाखेरीज दुसरी वाटही आयोगाने सुचवली. 1 जुलै 2018 पासून तिथे राष्ट्रीय भरपाई योजना सुरू आहे. अर्ज करायचा, सांगायचं काय घडलं. घटना घडल्याची वाजवी शक्यता दिसली तरी पुरतं, उलटतपासणी नाही, संस्थेचा वकील समोर नाही. मिळतं काय, तर जास्तीत जास्त दीड लाख डॉलर, समुपदेशन, आणि हवं असेल तर संस्थेच्या प्रमुखाकडून समोरासमोर माफी. आयोगाने मर्यादा दोन लाख सांगितली होती, सरकारने ती पन्नास हजारांनी कापली. पूर्वी संस्थेकडून मिळालेली रक्कम महागाईचा हिशेब धरून वजा होते. आणि देऊ केलेली रक्कम स्वीकारली की त्या संस्थेवर दावा लावण्याचा हक्क संपतो. निर्णयाला सहा महिने मिळतात. अर्जाची शेवटची तारीख 30 जून 2027. ही योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सत्तरीच्या, आजारी, कोर्टाला घाबरणाऱ्या माणसाला ती आधार देते. पण कुणाही वकिलाने अशा माणसाला सही करण्याआधी दाव्याची किंमत समजावून सांगितली पाहिजे. दावा आणि योजना यांतली निवड त्याची स्वतःची असावी, घाईतून झालेली नसावी.

मुदत गेली, प्रतिवादी सापडला, आता तरी वाट मोकळी, असं वाटलं होतं. चर्चच्या वकिलांनी नवा अडसर शोधला. दावा इतका जुना आहे, पाद्री मेला आहे, साक्षीदार मेले आहेत, आम्हाला न्याय्य बचाव करता येणार नाही, तेव्हा दावा कायमचा थांबवा. न्यू साउथ वेल्समध्ये असे अर्ज मंजूर होऊ लागले. 1968 मध्ये लिस्मोर धर्मप्रांतात एका मुलीचे वडील मोटरसायकल अपघातात गंभीर जखमी झाले. घराला धीर द्यायला पाद्री येऊ लागला. मुलगी चौदा वर्षांची होती. तिने 2020 मध्ये दावा लावला. पाद्री 1996 मध्येच वारला होता. अपील न्यायालयाने दावा थांबवला. नोव्हेंबर 2023 मध्ये हायकोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो पुन्हा सुरू केला. बहुमताचं म्हणणं सरळ होतं: मुदत काढताना विधिमंडळाला माहीत होतं की जुने दावे येतील आणि साक्षीदार मेलेले असतील, तेच कारण देऊन दावा थांबवला तर कायदा बदलून उपयोग काय? एका न्यायाधीशाचं मत इकडचं तिकडे झालं असतं तर निकाल उलटा लागला असता, हे विसरू नका.

आणि साधारण वर्षभरानंतर धक्का बसला. 1971 मध्ये पोर्ट फेअरी गावात पाच वर्षांच्या मुलावर त्याच्या घरीच फादर ब्रायन कॉफी यांनी अत्याचार केला. ते भेटीला म्हणून घरी आले होते. व्हिक्टोरियाच्या न्यायाधीशांनी बॅलरॅट धर्मप्रांताला जबाबदार धरून 2,30,000 डॉलर भरपाई दिली, अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. 13 नोव्हेंबर 2024 रोजी हायकोर्टाने तो रद्द केला. कारण काय, तर दुसऱ्याच्या कृत्याची अशी जबाबदारी फक्त मालकावर येते, पाद्री हा नोकर नाही, आणि ‘नोकरासारखा’ असा वर्ग कोर्ट निर्माण करणार नाही. तो करायचा तर विधिमंडळाने करावा. काही राज्यांनी तो वर्ग कायद्यात आधीच घातला होता, पण नव्या घटनांपुरता. या निकालामुळे जुन्या घटनांच्या वादींना संस्थेची स्वतःची हयगय सिद्ध करणं भाग पडलं: तिला माहीत होतं आणि तिने काही केलं नाही. कागद जाळलेले नसले तर. मला हा निकाल चुकीचा वाटतो. इंग्लंड आणि कॅनडाने जे तत्त्व स्वीकारलं ते न स्वीकारण्याचं पटणारं कारण मला त्यात सापडलं नाही. पण न्यायमूर्तींनी बोट विधिमंडळाकडे दाखवलं, ते मात्र खरं आहे.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. तिथे अनेक राज्यांनी ठराविक काळासाठी मुदतीची खिडकी उघडली. न्यूयॉर्कने 2019 ते 2021 अशी दोन वर्षं ती उघडी ठेवली आणि सुमारे अकरा हजार दावे आले. लॉस एंजेलिसच्या धर्मप्रांताने 2007 मध्ये 66 कोटी आणि 2024 मध्ये 88 कोटी डॉलरच्या तडजोडी केल्या. तिकडचा अडसर दिवाळखोरीचा. 2004 मध्ये पोर्टलंडच्या धर्मप्रांताने पहिल्यांदा दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण मागितलं. तेव्हापासून कित्येकांनी तेच केलं. दिवाळखोरीचा अर्ज पडला की सगळे दावे जागच्या जागी थांबतात, आणि पीडित माणूस वादीचा घेणेकरी होतो.

आता आपल्याकडे. ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने फक्त चर्चची चौकशी केली नाही. डिसेंबर 2014 मध्ये त्याने न्यू साउथ वेल्समधल्या मॅन्ग्रोव्ह माउंटनच्या सत्यानंद योग आश्रमाची सुनावणी घेतली, आपल्या बिहारमधल्या मुंगेरच्या परंपरेतला आश्रम. तिथे लहानपणी राहिलेल्या आणि आता प्रौढ झालेल्या माणसांनी साक्षी दिल्या. यहुदी संस्थांचीही सुनावणी झाली. हा कुठल्या एका धर्माचा प्रश्न आहे असं मानून ज्यांना बरं वाटत असेल, त्यांनी ते अहवाल वाचावेत.

आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आहे, तक्रारीला मुदत नाही, माहिती दडवणं गुन्हा आहे. पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे. पण मनोधैर्यची रक्कम सरकारच्या तिजोरीतून येते. ज्या संस्थेने डोळेझाक केली तिला एक रुपयाही द्यावा लागत नाही. संस्थेवर दिवाणी दावा लावायचा तर? आपल्याकडे सार्वजनिक न्यास ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती नाही, दावा विश्वस्तांवर लावावा लागतो. एलिसपेक्षा आपली स्थिती एका बाबतीत बरी आहे: धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा, उतारा मिळतो, त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता लिहिलेली असते. बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिल्यामुळे अनेक उताऱ्यांत वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच असतात, तरी सुरुवात करायला जागा आहे.

खरी भिंत मुदतीची आहे. 1963 च्या मुदत कायद्यात अशा दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात. कलम 6 अज्ञान मुलाला सज्ञान होईपर्यंत थांबू देतं, आणि कलम 8 सांगतं की त्यानंतर तीन वर्षांहून अधिक नाही. म्हणजे एकवीस. अमुक फादरांनी, अमुक महाराजांनी माझ्याशी काय केलं, हे सांगायला आपला कायदा मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंतच वेळ देतो.

त्याच कायद्यात, त्या कलमाच्या जवळच, कलम 10 आहे. विश्वस्ताच्या ताब्यात न्यासाची मालमत्ता असेल तर ती परत मिळवण्याच्या दाव्याला कितीही काळ लोटला तरी मुदतीची बाधा येत नाही. हिंदू, मुस्लिम, बौद्ध धार्मिक देणग्यांची मालमत्ता त्यात स्पष्टपणे धरलेली आहे. विश्वस्ताने देवस्थानाची जमीन आपल्या नावावर केली, तर पन्नास वर्षांनीही त्याला कोर्टात खेचता येतं. त्याच देवस्थानात एका मुलावर अत्याचार झाला, तर त्या मुलाला बाविसाव्या वर्षी कोर्टाचं दार बंद. आपल्या संसदेने जमिनीसाठी जे केलं ते मुलांसाठी करायला तिला कुणी अडवलेलं नाही.

आणि संसदेचीच वाट पाहायला हवी असंही नाही. मुदत हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, नोंद 13 मध्ये आहे. महाराष्ट्राचं विधिमंडळ राष्ट्रपतींच्या संमतीने आपल्या राज्यापुरती दुरुस्ती करू शकतं. बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या भरपाईच्या दाव्याला मुदत नाही, आणि संस्था नोंदणीकृत असो वा नसो, तिची मालमत्ता ज्यांच्या नावावर आहे ते प्रतिवादी होतील: एवढी दोन वाक्यं कायद्यात हवी आहेत. सभागृहाबाहेर टेबलावर या दुरुस्तीचा मसुदा ठेवला आहे. जाताना एक प्रत घ्या, आणि येत्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराच्या हाती द्या.